रुळाचा आवाज ओळखणारा इंजिनिअर? विश्वेश्वरय्यांची खरी ताकद होती त्यांच्या नोंदवहीत

दरवर्षी १५ सप्टेंबर आला की व्हॉट्सॲपवर एक गोष्ट हमखास फिरते. रात्रीची रेल्वे, डब्यात साध्या कपड्यातला एक सावळा माणूस आणि आजूबाजूला त्याची टिंगल करणारे इंग्रज प्रवासी. मध्येच तो माणूस साखळी ओढतो आणि गार्डला सांगतो की पुढे रूळ तुटलाय. लोक हसतात. कंदील घेऊन तपासायला गेलेल्यांना खरंच रुळाचा सांधा निखळलेला सापडतो. गाडीचा आवाज बदलला, त्यावरून त्याने ओळखलं. तो माणूस म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

गोष्ट भारी आहे, पण ती दंतकथा म्हणूनच वाचावी. तिच्यात विश्वेश्वरय्या एखाद्या जादूगारासारखे वाटतात. खरे विश्वेश्वरय्या त्याच्या अगदी उलट होते. आकडे गोळा केल्याशिवाय ते सहसा निर्णय घेत नसत.

आज कारखान्यांमध्ये एक शब्द जोरात आहे, प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स. मशीन बंद पडायची वाट बघायची नाही. तिचं तापमान, कंपनं, वीज किती खेचते हे सतत नोंदवायचं आणि आकडे बिघडायला लागले की आधीच दुरुस्ती करायची. त्यासाठी आता सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहेत. विश्वेश्वरय्यांकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते पर्जन्यमापक, पाण्याची उंची दाखवणारी पट्टी आणि जुन्या नोंदी. एवढ्यावर त्यांनी धरणं, कालवे आणि पुढे लोखंडाचा कारखानाही सांभाळला.

पुण्यात शिकलेला मुलगा

त्यांचं गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं. जन्मवर्ष कुठे १८६० दिलं जातं, कुठे १८६१. वडील संस्कृतचे पंडित होते, पण ते लवकर गेले आणि घरची परिस्थिती ओढाताणीची झाली. विश्वेश्वरय्या शिकवण्या घेत बंगळुरूत बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजचं सीओईपी. १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

पहिली नेमणूक नाशिकला. मग खानदेशात गेले, धुळे भागात पांझरा नदीच्या पाण्याची कामं केली. पुढे सिंधमध्ये सक्कर शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायची योजना त्यांनी १८९५ मध्ये पूर्ण केली. म्हणजे जन्माने ते कन्नड मुलखातले, पण इंजिनिअर म्हणून घडले ते मराठी मुलखात.

खडकवासल्याचं कोडं

१८९९ च्या सुमारास त्यांच्याकडे पुणे भागातल्या सिंचनाचं काम आलं. तिथे एक जुनी अडचण होती.

खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झालेलं. त्यातून पुणे शहराला, खडकीच्या छावणीला आणि खालच्या शेतीला पाणी जायचं. मागणी वाढत चालली होती आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडायचं. दुसरीकडे पावसाळ्यात मात्र दर वर्षी सांडव्यावरून ढीगभर पाणी वाहून जायचं.

सरळ उपाय म्हणजे भिंत उंच करायची. पण दगडी भिंत कायमची वाढवली की मोठा पूर आल्यावर धरणावर जास्तीचा भार येतो. पाणी हवं म्हणून धरणच धोक्यात घालायचं, असा तो सौदा झाला असता.

विश्वेश्वरय्यांनी वेगळा प्रश्न विचारला. पूर नेमका केव्हा येतो, पाणी सांडव्यावर किती चढतं आणि किती दिवस टिकतं? उत्तर धरणावरच्या नोंदींत होतं. पुराचे दिवस थोडे असतात. बाकीच्या काळात सांडव्याच्या वर पाणी अडवलं तर धोका नाही. फक्त पूर येताच ती आडकाठी बाजूला व्हायला हवी.

मग त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवायचं ठरवलं. वजनांच्या तोलावर चालणारे हे दरवाजे पाणी ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की आपोआप बंद व्हायचे. रात्री-अपरात्री कुणी धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही. १९०३ पर्यंत हे दरवाजे बसले. पाण्याची पातळी सुमारे ८ फूट जास्त ठेवता येऊ लागली आणि साठा साधारण पाव पटीने वाढला. भिंत होती तेवढीच राहिली.

आजच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर, मर्यादा आणि ऑटोमॅटिक कृती हे तिन्ही त्या दरवाजात होतं. विजेशिवाय. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराज सागरावरही बसले.

पाणी कुणाला, किती?

दुसरा प्रश्न कालव्यांचा होता. नीरेसारख्या कालव्यांवर शेतकरी अर्ज करायचे आणि पाणी मिळायचं. ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी, तो भरपूर ऊस लावायचा आणि हवं तेवढं पाणी घ्यायचा. शेवटच्या शेतकऱ्याकडे काय पोहोचेल याचा भरवसा नाही. वरच्या जमिनी अति पाण्याने खराब होत होत्या आणि खालच्या कोरड्या राहत होत्या.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. कालव्याखालच्या जमिनीचे ठरावीक तुकडे पाडायचे. त्यातल्या काही भागातच ऊस घ्यायचा, बाकी भागात कमी पाण्याची पिकं, आणि वर्षागणिक जागा बदलायची. पाणी मोजून द्यायचं, पण जे कबूल केलं ते बरीच वर्षं हमखास द्यायचं. सुरुवातीला विरोध झाला. हवं तेवढं पाणी घ्यायची सवय मोडायला कुणाला आवडतं? पण हिशेब साधा होता. कालवा म्हणजे नुसती चारी नाही, ती सगळ्यांच्या मालकीची यंत्रणा आहे. ती कुणासाठी किती चालते हे मोजलं नाही तर दांडगा माणूस ती वापरतो.

मुसी नदीचा पूर

मुंबई इलाख्याची नोकरी सोडून विश्वेश्वरय्या परदेश दौऱ्यावर गेले होते. तेवढ्यात हैदराबादेत आक्रीत घडलं. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला असा पूर आला की शहराचा मोठा भाग वाहून गेला. हजारो माणसं मेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणं धाडलं आणि १९०९ मध्ये ते हैदराबादला पोहोचले.

ढाणकीकरांना निजामाचं राज्य काही लांबचं नव्हतं. ढाणकी, उमरखेड हा भाग वऱ्हाडातला आणि पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख सुरू व्हायचा.

हैदराबादेत विश्वेश्वरय्यांनी आधी पावसाचे आकडे मागवले. शमशाबादला २४ तासांत १२ इंचांहून जास्त पाऊस झाल्याची नोंद होती. मग त्यांनी वरच्या भागातले तलाव मोजायला लावले. मुसीच्या पाणलोटात शेकडो लहान तलाव होते आणि त्यातले दोनशेहून जास्त त्या पावसात फुटले होते. म्हणजे शहरावर आलेलं पाणी फक्त आभाळातलं नव्हतं. एकामागून एक फुटलेल्या तलावांचं साठलेलं पाणीही त्यात होतं.

हे कळल्यावर उपायही बदलला. शहरात नुसत्या भिंती बांधून भागणार नव्हतं. पूर शहराच्या वरच अडवायला हवा होता. किती पाणी अडवायचं आणि किती सोडायचं, याचं गणित त्यांनी त्या आकड्यांवरून मांडलं. त्यातून पुढे उस्मान सागर १९२० मध्ये आणि हिमायत सागर १९२७ मध्ये उभे राहिले. या तलावांनी पूर अडवला आणि हैदराबादला पिण्याचं पाणीही दिलं.

खाणीची वीज आणि तोट्यातला कारखाना

१९०९ मध्येच ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. तिथे आणखी एक यंत्रणा अडली होती. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम इथलं वीजकेंद्र १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवत होतं. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी व्हायची. मशीन धडधाकट असूनही कच्चा माल, म्हणजे पाणी, कमी पडत होतं. नदीचा वर्षभराचा प्रवाह मोजून, पावसाळ्याचं पाणी साठवून ते बारा महिने सारखं सोडायचं, हा कृष्णराज सागर धरणामागचा एक मोठा विचार होता. काम १९११ मध्ये सुरू झालं. १९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते.

दिवाणपद सोडल्यावरही त्यांची सुटका नव्हती. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला आणि लगेच तोट्यात गेला. कारखाना बंद करावा अशी कुजबुज सुरू झाली. संस्थानाने विश्वेश्वरय्यांना संचालक मंडळाचं अध्यक्ष केलं आणि १९२९ पर्यंत ते तिथे होते. त्यांनी खर्चाचा बारीक हिशेब लावला, वाया जाणाऱ्या गोष्टी शोधल्या, स्थानिक माणसं तयार केली आणि कारखाना सावरला. पुढे टाटांच्या पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावरही ते दीर्घकाळ होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आकडे कुठे थांबतात?

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण पूर्ण व्हायच्या आधीच त्यात पाणी साठलं आणि ते फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आदळला आणि तेही धरण फुटलं. निम्मं पुणे पाण्याखाली गेलं. ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी ऐन उमेदीत दरवाजे बसवले, ते त्यांच्या हयातीतच गेलं. तेव्हा ते वयाच्या शंभरीत होते.

त्या दरवाजांचा यात दोष नव्हता. ते मुठेच्या पुरासाठी होते. वरचं अख्खं धरण एका सकाळी अंगावर येईल हे कुठल्याच जुन्या नोंदीत नव्हतं. प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सवाल्यांनी विसरू नये अशी ही गोष्ट आहे. आकडे जे घडलंय त्यावरून पुढचं सांगतात. आजूबाजूची परिस्थितीच बदलली, तर जुने आकडे तोकडे पडतात. म्हणून नवी यंत्रणा जोडली की जुन्या यंत्रणेची मर्यादा पुन्हा तपासावी लागते.

त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या गेले.

ढाणकीच्या विहिरीवर हे कसं लागू होतं?

आज पैनगंगेवर ईसापूर धरण आहे आणि त्याच्या पाण्याची वाट बघणं हे उमरखेड भागातल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. टेलपर्यंत आवर्तन पोहोचणार का, हा प्रश्न नीरा कालव्यावर १०० वर्षांपूर्वी होता तोच आहे. उत्तरही बदललेलं नाही. कुठल्या चारीला किती पाणी सुटलं, याची नोंद असेल तर भांडता येतं. नसेल तर फक्त ओरडता येतं.

आणि मोटारीचं म्हणाल तर गावातला मेकॅनिक आवाजावरून सांगतोच की बेअरिंग गेलं. रेल्वेच्या गोष्टीतली जादू तीच. फरक एवढाच की मेकॅनिक येतो तेव्हा बेअरिंग आधीच गेलेलं असतं.

त्याच्या आधी कळायला हवं असेल तर एक वही पुरते. स्टार्टरच्या पेटीवर ॲम्पिअर आणि व्होल्टेज दाखवणारे काटे असतात. मोटार नवी किंवा नुकतीच दुरुस्त केलेली असताना ते आकडे लिहून ठेवा. मग दर आठवड्याला तारीख टाकून लिहीत जा. व्होल्टेज तेवढंच असताना ॲम्पिअर हळूहळू चढत असतील, तर मोटार कशाशी तरी झगडतेय. बेअरिंग असेल, पंपात अडकलेला कचरा असेल. व्होल्टेज पडलं म्हणून ॲम्पिअर चढले असतील, तर दोष लाईनचा आहे, मोटार खोलण्यात अर्थ नाही. ॲम्पिअर उतरले आणि पाणीही कमी झालं, तर विहिरीची पातळी बघा.

ऐन हंगामात मोटार जळाली की रिवाइंडिंगचा खर्च होतोच, पण त्याहून महाग पडतात ते पिकाला पाणी न मिळालेले दिवस. वही आणि पेन तेवढे दिवस वाचवू शकतं. रुळाचा आवाज ओळखणारा कान सगळ्यांकडे नसतो. आकडा लिहिणारा हात मात्र सगळ्यांकडे असतो, आणि विश्वेश्वरय्यांचं काम त्याच हाताने झालं होतं.