मनातील फाळणीचा अभ्यासक

पिंपळे सौदागरहून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी कॅम्प लागतो. आज तेथे गजबजलेली बाजारपेठ दिसते. परंतु ‘कॅम्प’ हे नाव फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे आहे. अशा माणसांना छप्पर आणि शिधा दिला की शासनाचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न त्या काळी शास्त्राच्या कसोटीला लावणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी अग्रभागी होते.

ओहायो राज्यातील चिलिकॉथी येथे १८९५ साली जन्मलेल्या मर्फींनी येल आणि हार्वर्ड येथे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये फिरत्या रुग्णालयाच्या पथकात होते. १९२३ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन केले. १९४४ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दुसरे महायुद्ध संपत असताना, मानवी स्वभाव आणि चिरस्थायी शांतता या विषयावरील ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. वैर माणसाच्या रक्तात नसते, ते परिस्थितीत शिकले जाते, ही त्यांची धारणा होती.

तिची खरी परीक्षा भारतात झाली. भारत सरकारच्या विनंतीवरून युनेस्कोने १९५० साली त्यांना येथे पाठविले. सुमारे सहा महिन्यांच्या वास्तव्यात त्यांनी स्वतः न्यायाधीशाची भूमिका घेतली नाही. येथील माणसांची भाषा आणि दुःख येथील संशोधकांनाच उमजेल, हे ओळखून त्यांनी काम भारतीय पथकांवर सोपविले. अलीगढला पार्स राम, लखनौला काली प्रसाद, अहमदाबादला कमला चौधरी, मुंबईला सी. एन. वकील आणि बंगालमध्ये बी. एस. गुहा यांनी पाहण्या केल्या.

गुहांच्या पथकाने दोन वसाहतींची तुलना केली. जिरात सरकारने वसविली होती. आझादगढ निर्वासितांनी स्वतःच जमिनीचा ताबा घेऊन उभी केली होती. स्वतःच्या हिमतीने उभ्या राहिलेल्या वस्तीत मनोधैर्य अधिक टिकले होते. निर्वासितांचा रोष केवळ परधर्मीयांवर नव्हता, तो शासनावरही वळला होता. तात्पर्य असे की, मदत घेणाऱ्याचे कर्तेपण हिरावणारी मदत जखम भरून काढीत नाही. हे सारे मर्फींनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

सहा महिन्यांत एवढ्या मोठ्या देशाचे मन पूर्ण उलगडते, असे कोणी म्हणणार नाही. तरीही दंग्याची कारणे गुन्ह्याच्या नोंदींत नव्हे, तर माणसांच्या भयात आणि अपमानात शोधावीत, हा त्यांचा मार्ग योग्य होता. १९५२ नंतर त्यांनी टोपीका येथील मेनिंजर संस्थेत संशोधनाची धुरा वाहिली. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा बाहेरून आलेल्यांनीच घडविला आहे. ३० जुलै २०१८ रोजी आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. अशा प्रसंगी संचारबंदी आणि खटले आवश्यक असतात. मात्र शांतता प्रस्थापित झाल्याची घोषणा म्हणजे शांतता नव्हे. जमीन गेलेला शेतकरी, कंत्राटी कामगार आणि नव्या सोसायटीतील रहिवासी यांना एकमेकांच्या मनातील धग कळण्याची व्यवस्था नगरपालिका, कारखानदार आणि कामगार संघटना यांनी मिळून उभारली पाहिजे. ती आग लागण्यापूर्वी उभारणे, हाच मर्फींच्या कार्याचा बोध आहे.