बाबा आमटे यांचा कणा आणि तुमच्या मणक्यांमधली गादी

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वकिली सोडून ते कुष्ठरुग्णांच्या सेवेत उतरले आणि पत्नी साधनाताईंसह वरोऱ्याजवळ त्यांनी आनंदवन उभारले. पुढे स्पाँडिलोसिसने त्यांना गाठले. मणक्यांची झीज इतकी झाली की त्यांना बसता येईना. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच हाती उरले. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, वाहनातल्या बिछान्यावर पडून. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी राहायला गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले.

ही झीज नेमकी कुठे होते? दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. आत पाणीदार गर, बाहेर चिवट कडे. वयानुसार गर सुकतो, कडे चिरते. गर बाहेर येऊन नसेवर दाबला, तर कळ कंबरेतून पायात उतरते. बहुतेकांना औषधे, व्यायाम आणि वेळ यांनी आराम पडतो. काहींना शस्त्रक्रिया लागते. तिच्यात नसेवर दाबणारा तुकडा काढतात, पण गादीत पोकळी राहते. काही रुग्णांत गर पुन्हा बाहेर येतो, गादीची उंचीही घटते.

ही पोकळी भरण्यासाठी आता जेल तपासले जात आहेत. जपानमधील होक्काइडो विद्यापीठात समुद्री शेवाळापासून मिळणारे, अतिशुद्ध केलेले अल्जिनेट शस्त्रक्रियेच्या वेळीच गादीत भरून रुग्णांवर अभ्यास झाला आहे. ते द्रवरूपात आत जाते आणि कॅल्शियममुळे घट्ट होते. हा अजून सरसकट मिळणारा उपचार नाही. बाबांसारखी अनेक मणक्यांची झीज एका इंजेक्शनने भरून निघेल, असेही समजू नका. ‘गादी नवी करतो’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारा.

तामलवाडीत तुम्ही शेतात वाकून काम करत असाल किंवा सोलापूर रस्त्यावर रोज दुचाकी चालवत असाल, तर एवढे लक्षात ठेवा: पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेभोवती बधिरपणा आला, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. दबलेली नस वेळेत मोकळी झाली, तरच ती सावरण्याची आशा जास्त असते.