न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल

अमेरिकेंतील आरंभींच्या इंग्रज वसाहतींचा इतिहास वाचतांना तेथील पुढारी आपणांस दगडी पुतळ्यांसारखे भासतात. परंतु बॉस्टन येथील ह्या न्यायाधीशांनीं रोजनिशी लिहून ठेविली, म्हणून त्यांचें अंतःकरण आम्हांस पाहावयास मिळतें.

ते 1652 सालीं इंग्लंडांत जन्मले व 1661 सालीं अमेरिकेंत आले. हार्वर्ड येथें शिक्षण, सधन घराण्यांत विवाह, मग सरकारी अधिकार, असें त्यांचें सुरळीत चाललें होतें.

1692 सालीं सेलम गांवीं कांहीं मुलींना झटके येऊं लागले. अमक्याची छाया आम्हांस छळते, असें त्या सांगत. चेटकाच्या आरोपावरून दीडशेंहून अधिक माणसें तुरुंगांत पडलीं. आरोप करणारांवांचून कोणासहि न दिसणारी ती छाया न्यायासनानें पुरावा म्हणून मानिली; आणि त्या न्यायासनावर सीवॉल बसले होते. 19 जणांना फांशी झाली. त्यांत त्यांच्या ओळखीचे उपदेशक जॉर्ज बरोज हेहि होते. फांसाखालीं उभें राहून बरोज ह्यांनीं प्रभूची प्रार्थना न चुकतां म्हटली. चेटक्यास ती म्हणतां येत नाहीं असा समज असल्यामुळें जमाव चळला. तरी फांशी टळली नाहीं.

पुढें सीवॉल ह्यांच्याच घरीं दुःख आलें. 1696 सालीं एक बाळ मृत जन्मलें, आणि डिसेंबरांत दोन वर्षांची सारा वारली. दुसऱ्याच दिवशीं मुलगा सॅम मत्तयाच्या 12 व्या अध्यायांतील पाठ लॅटिन भाषेंत म्हणूं लागला. निर्दोष्यांस दोषी ठरविण्याविषयींचें वचन येतांच बापापुढें सेलम उभें राहिलें. तो पाठ किती जड गेला असेल, हें लेंकरूं पुरलेल्या आईबापांस सांगणें नको.

1697 च्या 14 जानेवारीस वसाहतभर उपास होता. मंदिरांत पाळक विलार्ड जवळून जात असतां सीवॉल ह्यांनीं त्यांच्या हातीं चिठ्ठी दिली. ती वाचली जाईपर्यंत हे न्यायाधीश मंडळीसमक्ष उभे राहिले. दोष व लाज आपण पत्करतों, असें तींत होतें. वाचन संपतांच त्यांनीं लवून नमन केलें. मुख्य न्यायाधीश स्टॉटन ह्यांनीं मात्र चूक कधींच कबूल केली नाहीं.

1700 सालीं सीवॉल ह्यांनीं गुलामांच्या विक्रीविरुद्ध पुस्तिका छापिली. तरी काळे व गोरे एकजीव होणार नाहींत, असेंहि तींत लिहिलें. तें आम्ही झांकत नाहीं.

म्हातारपणीं त्यांनीं एका विधवा बाईंस मागणी घातली. त्यांनीं घोड्यांची गाडी ठेवावी व केसांचा टोप घालावा, अशी बाईंची इच्छा. टोपाचा तर त्यांस मनस्वी तिटकारा! तें लग्न जमलें नाहीं. पुढें दुसऱ्या बाईंशीं विवाह करून ते 1730 सालच्या 1 जानेवारीस, बिनटोपाचेच, निवर्तले.