मुलांची साक्ष

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, असे संपादिकाबाईंनी सुचविले, तेव्हा आपल्याकडील एखादी पुण्यश्लोक स्त्री त्यांच्या मनात असावी. मी मात्र एका इंग्रज सरदाराची निवड केली. तिचे कारण सांगायचे, तर आधी माझी एक चूक भगिनींपुढे कबूल केली पाहिजे.

मंडळाच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात आठ वर्षांची एक मुलगी येत असे. एके दिवशी तिच्या दंडावर मला वळ दिसले. तिला न्यायला काकू आली होती. मी काकूदेखतच त्या मुलीला विचारले. आणि तेही कसे, तर खेळताना पडलीस ना, असे! तिने मान हलविली. माझे समाधान झाले. प्रश्न माझा आणि उत्तरही माझेच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ते मला शिकविले लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या चरित्राने.

अँथनी ॲशली-कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मोठे, संपत्ती उदंड. परंतु आईबापांच्या मायेचा मात्र दुष्काळ. वडील कठोर, आईला मुलांकडे पाहायला सवड नाही. त्या घरात त्यांना जवळ घेणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मारिया मिलिस नावाची कारभारीण. सातव्या वर्षी त्यांना ज्या वसतिगृही शाळेत धाडण्यात आले, तिथली घाण आणि मोठ्या मुलांची दांडगाई त्यांना म्हातारपणापर्यंत विसरता आली नाही. तशातच मारिया वारली. तिने मागे ठेवलेले सोन्याचे घड्याळ त्यांनी जन्मभर जवळ बाळगले. ज्याचे लहानपणी कोणी ऐकले नाही, तोच पुढे मुलांचे ऐकणारा झाला.

१८२६ साली ते पार्लमेंटमध्ये निवडून आले. तेव्हा त्यांना लॉर्ड ॲशली म्हणत. आरंभी त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांतील हालांकडे लक्ष घातले आणि १८३३ पासून कापडगिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा कैवार घेतला. गिरण्यांच्या दारांशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या मुलांचे वाकलेले पाय त्यांनी स्वतः पाहिले होते. परंतु खाणीत जाणारे मूल रस्त्यावरून दिसत नाही. १८३८ च्या जुलैत यॉर्कशायरमध्ये हस्कर येथील खाणीत मोठ्या पावसाचे पाणी घुसले आणि सव्वीस मुले बुडून मेली. त्यांत अकरा मुली होत्या. सर्वांत लहान मूल सात वर्षांचे. जमिनीखाली एवढी लहान मुले काम करतात, हे पुष्कळ लोकांना अशा रीतीने कळले.

१८४० साली ॲशलींच्या ठरावावरून चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे साहाय्यक अधिकारी गावोगाव हिंडले, काही जण खाणींत उतरले आणि त्यांनी प्रत्यक्ष मुलांना विचारले. आज हे साधे वाटते. त्या काळी मात्र मुलाबद्दल विचारायचे ते मालकाला, मुकादमाला, फार तर बापाला, अशीच रीत होती. या अधिकाऱ्यांनी मुलाचे नाव लिहिले, वय लिहिले, खाली किती वाजता उतरतो, वर किती वाजता येतो, जेवतो काय, मारतो कोण, वाचता येते का, हे सारे टिपले.

त्यांत सारा गूडर नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिचे काम दार राखण्याचे. खाणीतील हवा खेळती राहावी म्हणून लाकडी दारे बंद ठेवीत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे आणि पुन्हा लावायचे. पहाटे चारला ती खाली जाई, ती संध्याकाळी पाच वाजता वर येई. तिने काय सांगितले? कामाने आपण थकत नाही, पण दिव्याशिवाय बसावे लागते, त्याची भीती वाटते. उजेड असला तर मधूनच गाणे म्हणते. अंधारात म्हणायचा धीर होत नाही.

मी हा मजकूर वाचून थांबले. हे उत्तर कोणी तिच्या तोंडी घालू शकला असता का? चौकशी करणाऱ्याला भीतीबद्दल विचारायचे सुचेल, मारहाणीबद्दल सुचेल. गाण्याबद्दल कसे सुचेल? मुलाला मोकळे बोलू दिले, की ते मोठ्यांना न सुचणारी अशी एखादी बारीकशी गोष्ट सांगते, आणि तिथेच त्याचे खरेपण कळते.

अहवाल मे १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाचे एक सदस्य डॉ. साउथवुड स्मिथ यांच्या सूचनेवरून त्यात चित्रेही घातली होती : कमरेला पट्टा, पायांमधून साखळी, आणि गुडघ्यांवर रांगत कोळसा ओढणारी पोर. ७ जूनला ॲशलींनी सुमारे दोन तास भाषण केले. लोकसभागृह हेलावले. सरदारांच्या सभागृहात मात्र लॉर्ड लंडनडेरी या बड्या खाणमालकाने आक्षेप घेतला, की साक्षी लबाड पोरांच्या आणि अडाणी पोरींच्या आहेत, उत्तरेही त्यांच्या तोंडी घातलेली आहेत. हेतू स्वार्थाचा असला, तरी आक्षेप मुळात क्षुद्र नव्हता. मुलाला उत्तर सुचवू नये, हे खरेच आहे. माझ्याकडून नेमके तेच घडले होते. मालकाला शंका होती ती छळ झाल्याचे वदवून घेतल्याची. मी वदवून घेतले ते छळ नसल्याचे.

ऑगस्ट १८४२ मध्ये कायदा झाला. सर्व स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरविण्यास बंदी आली. ॲशलींना मुलग्यांसाठी याहून मोठी वयोमर्यादा हवी होती. ती मिळाली नाही. आणि स्त्रियांचे मंडळ म्हणून आपण एक गोष्ट नजरेआड करू नये. ज्या बायकांची रोजी गेली, त्यांच्या पोटाची सोय कायद्याने केली नाही. काही जणी पुरुषी वेषात पुन्हा खाली उतरल्या. दुःख विचारले, पण त्यातून सोडविल्यावर खाणार काय, हे विचारायचे राहिले. मुलांना वाचविणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

१८५१ साली वडिलांमागे ते अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले. गरीब मुलांच्या शाळा, धुरांड्यांत चढविली जाणारी पोरे, अशी कामे त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाहीत. धुरांड्यांविषयीचा परिणामकारक कायदा होईपर्यंत १८७५ साल उजाडले. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील मुलांचा प्रश्नही त्यांनी सरदारांच्या सभागृहात मांडला. मुंबईशी स्पर्धा करणाऱ्या लँकेशायरच्या मालकांचाही या मागणीत स्वार्थ होता, हे खरे. तरी १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीचे दार बंद झाले. १ ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वाटेवर फुले विकणाऱ्या मुली आणि बूट पुसणारी पोरे उभी होती.

आज आपल्याकडे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा सांगतो, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, घेणारी शक्यतो स्त्री-अधिकारी असावी आणि तिच्या अंगावर गणवेश नसावा. हे शहाणपण यायला फार वर्षे लागली.

आता त्या मुलीचे. हे चरित्र वाचल्यावर एका दुपारी मी तिला एकटीलाच गजरे करायला बोलावले. काही सुचविले नाही; रात्री घरी काय काय होते, एवढेच विचारले आणि गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, की काका झोपेपर्यंत ती जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसते. चौथीवर बसत नाही, कारण चौथी वाजते. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी बालकल्याण समितीकडे गेले. ती सध्या आजीजवळ आहे.

मधल्या महिन्यांत ती किती रात्री त्या पायरीवर बसली असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. म्हणून भगिनींनो, एवढीच विनंती, की मुलाला विचारताना मोठ्यांना जरा बाजूला बसवा, आणि आपले उत्तर आपल्याजवळच ठेवा.