पलुसकरांचे डोळे, पलुसकरांचे कान

कुरुंदवाडला दत्तजयंतीच्या उत्सवात एका लहान मुलाच्या तोंडाजवळ फटाका फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे दुखावले. मुलाचे नाव विष्णू, जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. घराणे मूळचे गाडगीळ, पण आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस गावावरून पलुसकर म्हणवले जाणारे. कुरुंदवाडला डोळ्यांचे उपचार नव्हते, म्हणून मुलाला मिरजेत डॉ. भडभडे यांच्याकडे आणले. उपचार लांबले. नजर अधू राहिली आणि शाळेचे शिक्षण मागे पडले.

पुढे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून सारा देश ज्यांना ओळखू लागला, ते हेच. डॉक्टर म्हणून मला या गोष्टीतले भडभडे फार आवडतात. डोळे पूर्ववत होत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलाचा गळा ऐकला आणि त्याला गाणे शिकवा, असे वडिलांना सुचवले. मिरज दरबारी त्या वेळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा. त्यांच्याकडे विष्णूची तालीम सुरू झाली. ती सुमारे बारा वर्षे, १८९६ पर्यंत चालली.

आता त्या फटाक्याकडे कानाच्या बाजूने पाहू. फटाका फुटतो तेव्हा ठिणगी आणि उष्णता डोळ्याला लागते, पण त्याच क्षणी हवेच्या दाबाची एक लाट कानावरही आदळते. पडदा फाटू शकतो. पडदा शाबूत राहिला तरी आतल्या शंखातल्या केसासारख्या नाजूक पेशींना मार बसू शकतो. या पेशी एका कानात साधारण पंधरा हजार असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाला चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा अर्ध्या मीटरवर १४३ डेसिबलच्या आसपास जातो. अशा क्षणिक स्फोटासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या कानाला घातलेली मर्यादा १२० ची आहे.

विष्णूचे कान वाचले. वाचले नसते तर बुवांची तालीम त्याला घेताच आली नसती, कारण ती सगळी ऐकून घ्यायची होती. गुरूने गायचे, शिष्याने उचलायचे. समोर पुस्तक नाही. मिरजेचा तंबोरा लावताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी साधतात, तेव्हा एका तारेतून अनेक बारीक सूर झंकारू लागतात. ते उंच सूर ऐकू येणारा कान हेच शिष्याचे भांडवल. आणि गोंगाटाने कान खराब होतो तो नेमका याच बाजूने, वरच्या सुरांकडून. सुरुवातीचा खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. रोजच्या बोलण्यात तो चटकन लक्षात येत नाही. माणूस म्हणतो, ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत.

गेल्या महिन्यात असाच एक तिशीच्या आतला तरुण आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला होता. सातारा-सांगलीकडच्या मिरवणुकांत डॉल्बीवर काम करणारा. दुकानात गिऱ्हाइकाने सात म्हटले की त्याला साठ ऐकू येते, ही त्याची तक्रार. ऑडिओमेट्रीच्या आलेखात ४००० वर दोन्ही कानांत स्पष्ट खड्डा होता. मिरवणुकीच्या रात्रीनंतर कानात शिट्टी वाजते, हे त्याला पाच वर्षे ठाऊक होते. सकाळी थांबते म्हणून त्याने ते कधी कोणाला सांगितले नव्हते.

माझा मुद्दा इथेच आहे. डोळे दुखावलेल्या मुलाला लोकांनी उचलून मिरजेला नेले, कारण इजा दिसत होती. कानाला मार बसलेल्या मुलाला आजही कोणी कुठे नेत नाही. रक्त नाही, सूज नाही, फारसे दुखतही नाही. फटाक्यानंतर किंवा मिरवणुकीनंतर कान दडा बसल्यासारखा वाटला, शिट्टी वाजत राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू आले, तर दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. औषधाचा उपयोग झालाच तर पहिल्या काही दिवसांत होतो. तेल घालू नये, काडी घालू नये, कान कोरडा ठेवावा. फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो, पण तेल-पाण्याने तो चिघळतो.

गुरूंशी बिनसल्यावर १८९६ मध्ये विष्णुबुवा मिरज सोडून निघाले. औंध, सातारा करत ते पुढे बडोदे, ग्वाल्हेर असे उत्तरेकडे गेले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे तिकीट लावून सर्वांसमोर आणण्याचे धाडस त्यांनी केले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर चालणारी ही गाण्याची शाळा. अधू नजरेच्या या माणसाने स्वतःची स्वरलिपी तयार करून पुस्तके छापली, हे मला विशेष वाटते. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सारे त्यांचे विद्यार्थी.

या मैफली गळ्याच्या जोरावर भरायच्या. त्यांच्या उमेदीच्या काळात लाउडस्पीकर नव्हता. जुना काळ शांत होता असे मात्र मी म्हणणार नाही. झांजा आणि ताशे तेव्हाही होते आणि ते कानाशी वाजले तर कानाला तेव्हाही वाईटच. फरक वेळेचा आणि जोराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल चार तास आणि १०० डेसिबल फक्त वीस मिनिटे. डॉल्बीच्या भिंतीसमोर तर शंभरचा आकडा सहज ओलांडला जातो. वीस मिनिटांत मिरवणूक एक चौकही पुढे सरकत नाही.

मुंबईच्या शाळेवर कर्ज झाले आणि १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. बुवांचा पुढचा काळ नाशिकच्या आश्रमात रामनामात गेला. शेवट मात्र मिरजेतच झाला, २१ ऑगस्ट १९३१ रोजी. ज्या गावात डोळ्यांच्या उपचारासाठी आले होते, त्याच गावात. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले.

त्या तरुणाला मी स्पंजचे इअरप्लग कसे घालायचे ते दाखवले: आधी चिमटीत दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. कापसाचे बोळे पुरत नाहीत. कर्ण्यांपासून लांब, बाजूला उभे राहायचे आणि दर तासाला काही वेळ आवाजापासून दूर जायचे, हेही सांगितले. हंगामात काम सोडणे त्याला परवडणारे नाही आणि मीही तसा आग्रह धरला नाही. पुढच्या ऑडिओमेट्रीसाठी त्याला गणपतीच्या आधीची तारीख दिली आहे. दुसरी विसर्जनानंतरच्या आठवड्यातली.