माळाला मान देणारा माळी : जेन्स जेन्सन

अमेरिकेतील इलिनॉय या राज्याला त्या देशात प्रेअरीचे राज्य म्हणतात. प्रेअरी म्हणजे माणसाच्या उंचीचे गवत आणि त्यात मिसळलेली रानफुले यांचे अफाट माळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या एका राज्यात असा माळ सुमारे २ कोटी २० लाख एकर होता. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर घडविला. त्या नांगरापुढे गवताच्या मुळांच्या दाट जाळीचे काही चालले नाही आणि पुढच्या काही दशकांत तेथे मका उभा राहिला. जुन्या अस्सल प्रेअरीचे जे तुकडे आज शिल्लक आहेत ते सारे एकत्र केले तरी जेमतेम अडीच हजार एकर भरतात. त्यांतले कित्येक तर रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत नांगर पोचला नाही म्हणून वाचलेले आहेत.

हा माळ डोळ्यांदेखत नाहीसा होत असताना ज्याने त्यातली झाडे व फुले शहरातल्या बागांत मानाने आणून बसविली, तो मनुष्य अमेरिकेत जन्मलेला नव्हता. शिकागोचे लोक त्यांना जेन्स जेन्सन म्हणत. डेन्मार्कमधील त्यांच्या घरी या नावाचा उच्चार येन्स येन्सेन असा होई. उद्यानरचनेच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे, परंतु आपल्याकडे ते फारसे परिचित नाही.

जेन्सन यांचा जन्म १३ सप्टेंबर १८६० रोजी स्लेस्विग प्रांतातील डिब्बोल या गावी एका सधन शेतकरी घराण्यात झाला. मुलगा चार वर्षांचा असताना, १८६४ साली, डेन्मार्क व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि त्याची निर्णायक लढाई नेमकी डिब्बोलच्या टेकडीवर झाली. घरच्या वाड्यातील इमारती जळताना त्या मुलाने पाहिल्या. डेन्मार्क हरला, गाव प्रशियाकडे गेले, आणि डॅनिश बोलणारी ही माणसे आपल्याच शेतात राहून दुसऱ्या राज्याची प्रजा झाली. सीमेवर वाढलेल्या माणसाचे मन कसे घडते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. (हा भाग १९२० साली लोकमत घेऊन पुन्हा डेन्मार्कला जोडला गेला, परंतु तोवर जेन्सन साठीला पोचले होते, आणि फार दूर होते.)

डेन्मार्कमध्ये त्या काळी लोकविद्यालयांची चळवळ जोरात होती. शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षा व पदव्यांच्या जाचाशिवाय आपला इतिहास, आपली गाणी, आपली भूमी शिकवावी असा तिचा हेतू होता. जेन्सन अशा एका विद्यालयात आणि पुढे ट्यून येथील कृषिशाळेत शिकले. झाडांची खरी ओळख तेथे झाली. त्यानंतर कायद्याप्रमाणे जर्मन सैन्यात चाकरी करावी लागली. ती बर्लिनमध्ये झाली, आणि फावल्या वेळात ते तेथील राजेशाही बागांची रेखाटने करीत. घरी परतल्यावर वडिलांची शेती सांभाळावयाची होती; पण ॲन मारी हान्सेन या मुलीशी विवाह करण्याचे त्यांनी ठरविले होते आणि घरच्यांना तो संबंध पसंत नव्हता. परकी राजवटही मनातून मानवत नव्हती. १८८४ साली दोघांनी अमेरिकेची वाट धरली.

आरंभीचे दिवस हलाखीचे गेले. फ्लोरिडात मजुरी, मग आयोवातील एका कॉलेजात काम, आणि शेवटी शिकागो. शिकागोच्या पश्चिम भागातील उद्यानांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे ते साधे मजूर म्हणून लागले; रस्ते झाडण्याचेही काम त्यांनी केले. हळूहळू ते बागकामाच्या मुकादमीपर्यंत चढले. त्या काळी अमेरिकेत चांगली बाग म्हणजे युरोपातील बागेची नक्कल, अशी समजूत होती. काचघरात वाढविलेली परदेशी रोपे आणावयाची, गालिच्यासारखे रेखीव ताटवे मांडावयाचे, आणि थंडी पडली की सारे उपटून टाकावयाचे. जेन्सन यांनीही प्रथम तेच केले. रोपे टिकेनात. शिकागोची थंडी, वारा आणि तेथली माती त्या झाडांना मानवत नव्हती.

रविवार आला की ते पत्नीला व मुलांना घेऊन रेल्वेने शहराबाहेर जात आणि दिवसभर माळावर, ओढ्याकाठी, ओकच्या राईंत हिंडत. शहरात जी जागा मरतुकडी बाग देत होती, तिच्या शेजारच्या माळावर त्याच थंडीत, कोणी पाणी न घालता, फुलांचे रान माजलेले असे. कंपास प्लांट नावाचे तेथले एक झाड घ्या. आपल्या सूर्यफुलाचेच हे भावंड. (सूर्यफूलही मूळचे उत्तर अमेरिकेतलेच.) याची खालची पाने साधारण उत्तर-दक्षिण वळून उभी राहतात, म्हणून हे नाव, आणि मुळे चार-पाच मीटर खोल जातात. वरून वणवा गेला, बर्फ पडले, अवर्षण झाले, तरी ते पुन्हा फुटते. अशी झाडे सोडून दुसरीकडची रोपे काचघरात जगविण्याचा खटाटोप कशाला?

१८८८ साली युनियन पार्कच्या एका कोपऱ्यात जेन्सन यांनी घोडागाडी भरून माळावरची रानफुले आणून लावली. नर्सरीत ही रोपे मिळत नव्हती, कारण ती विकत घ्यावीत असे कोणालाच वाटत नव्हते. या तुकड्याला त्यांनी अमेरिकन गार्डन असे नाव दिले. ते नाव साधे आहे, पण त्यात थोडी टोचणीही आहे. अमेरिकन शहरातल्या बागेत अमेरिकन झाडे वेगळी पाटी लावून दाखवावी लागत होती! बाग पाहावयास येणारे लोक लहानपणी पाहिलेली फुले ओळखून आनंदून जात. जेन्सन यांच्या पुढील आयुष्याचे सारे काम या कोपऱ्यातून निघाले आहे.

त्यांची बढती होत गेली आणि १८९५ च्या सुमारास ते हंबोल्ट पार्क या मोठ्या उद्यानाचे अधीक्षक झाले. परंतु उद्यान मंडळ हे त्या वेळी राजकीय वशिल्याचे आणि पैसे खाण्याचे कुरण होते. जेन्सन त्यात सामील होईनात, म्हणून १९०० साली त्यांना काढून टाकण्यात आले. पाच वर्षे त्यांनी खाजगी कामांवर काढली. १९०५ साली सुधारणावाद्यांचे पारडे जड झाल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावून संपूर्ण पश्चिम विभागाचे प्रमुख नेमले गेले.

या दुसऱ्या पर्वातच त्यांची मोठी कामे झाली. गारफिल्ड पार्कमधील विशाल काचघर १९०८ साली खुले झाले. काचघरे तोवर राजवाड्यासारखी बांधीत. जेन्सन यांनी त्याला माळावरील गवताच्या गंजीचा आकार दिला. आत नेचे आणि तळे, आणि त्या भागातील नदीकाठी दिसतात तशा थरावर थर असलेल्या दगडांतून झिरपणारे पाणी. हे धबधबे बांधणाऱ्या गवंड्याची एक गोष्ट सांगतात. त्याने रचना कितीदा केली तरी जेन्सन यांना ती पसंत पडेना. पाणी डोंगरातल्यासारखे कोसळत होते, आणि इलिनॉय तर सपाट प्रदेश. शेवटी त्यांनी त्याला मेंडेलसोनचे वसंतगीत ऐकून येण्यास सांगितले. गवंडी ऐकून आला आणि पाणी हलकेच, नादावर ठिबकू लागले.

त्यांच्या उद्यानात शिरणाऱ्याला बाग केली आहे असे वाटत नाही. येथे पूर्वीपासून असेच असावे असे वाटते. पण त्यामागे पक्के गणित असे. हॉथॉर्न हे काटेरी झाड त्यांच्या विशेष आवडीचे, कारण त्याच्या फांद्या आडव्या पसरतात आणि माळाच्या लांबच लांब क्षितिजरेषेशी जुळतात. रानसफरचंद, ओक, मेपल हे सारे उन्हाच्या दिशा पाहून लावलेले. मध्ये मोकळे कुरण, कडेने दाट झाडी, आणि झाडीत शिरून नाहीशी होणारी वाट. आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक बागेत असे : जमिनीलगत बांधलेला दगडी गोल कट्टा आणि मधोमध शेकोटीची जागा. त्याला ते कौन्सिल रिंग म्हणत. आपल्या गावच्या पाराची येथे आठवण व्हावी. गोल कट्ट्यावर कोणी वर नाही, कोणी खाली नाही, हे त्यांना त्यात आवडत असे. शहराच्या पश्चिम टोकाचे सुमारे १५० एकरांचे कोलंबस पार्क १९१७ ते १९२० या काळात उभे राहिले. सपाट जागेत खोदून त्यांनी संथ वाहणारी प्रेअरी नदी केली आणि नदीपलीकडे झाडांच्या पडद्याने उघडी रंगभूमी तयार केली. बहुतेक जाणकार हीच त्यांची सर्वोत्तम कृती मानतात.

श्रीमंतांची कामेही त्यांनी पुष्कळ केली. मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या डिअरबॉर्न येथील वाड्याभोवतीचा परिसर त्यांनीच आखला. तेथील लांब कुरणाच्या टोकाला उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य मावळतो. पुढे श्रीमती फोर्ड यांना रेखीव गुलाबबाग हवी झाली आणि त्यावरून जेन्सन यांचे तेथे बिनसले. स्वभाव तापट होता. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, कुरण मोडून गुलाबाचे वाफे करण्याची कल्पना त्यांना सोसत नसे.

बागेत चार फुले लावून माळ वाचत नाही हेही त्यांनी ओळखले होते. शिकागोभोवतीची जंगले राखून ठेवण्याच्या १९०४ च्या अहवालात त्यांचा वाटा होता. त्यातूनच पुढे कुक परगण्यातील राखीव वने निर्माण झाली. १९१३ साली त्यांनी मित्रांसह स्थानिक निसर्गाच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. मिशिगन सरोवराकाठच्या इंडियानातील वाळूच्या टेकड्यांवर पोलाद कारखान्यांचा डोळा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स हे तेथील वनस्पतींचा क्रम अभ्यासत होते, आणि जेन्सन त्यांचे स्नेही. १९१६ साली शिकागोत सरकारी सुनावणी झाली तेव्हा दोघांनीही या टेकड्यांची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी टेकड्यांवर मोठा नाट्यप्रयोग करून हजारो लोकांना तेथे नेण्यात आले. यश मात्र फार सावकाश आले : १९२० नंतरच्या दशकात एका भागाचे राज्य उद्यान झाले, १९६६ साली किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले, आणि २०१९ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. मधल्या काळात पुष्कळ टेकड्या भट्ट्यांच्या पोटात गेल्या.

येथवर वाचून जेन्सन यांना केवळ संतमालिकेत बसविण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. झाडांविषयी बोलता बोलता ते कधी कधी माणसांच्या वंशांविषयी बोलू लागत. उत्तर युरोपच्या लोकांची बाग निराळी, दक्षिणेकडच्यांची निराळी, आणि एकीत दुसरीची छटा येऊ नये, असे त्यांचे मत होते. १९३७ साली जर्मनीतील उद्यानकलेच्या एका मासिकात त्यांनी या धाटणीचे लेखन केले. त्या वेळी जर्मनीत कोणते राज्य होते आणि वंशाच्या नावाखाली तेथे काय चालले होते हे जगाला दिसत होते. प्रशियाच्या तोफांनी ज्याचे घर जाळले आणि जो स्वतः परदेशातून येऊन शिकागोत रुजला, त्याने हे लिहावे याचे आश्चर्य वाटते. हॉथॉर्न शिकागोत चांगला वाढतो हे माती आणि हवामान यांचे सत्य आहे. त्यावरून माणसांविषयी काहीही निघत नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी या लेखनाची झडती घेतली आहे आणि ती योग्यच आहे.

१९३४ साली ॲन मारी वारल्या. पुढच्या वर्षी, पंचाहत्तराव्या वर्षी, जेन्सन यांनी शिकागो सोडले आणि विस्कॉन्सिनमधील एलिसन बे येथे सरोवराच्या कड्यावर क्लिअरिंग नावाची शाळा काढली. लोकविद्यालयाचा तोच जुना नमुना : परीक्षा नाही, हाताने काम आणि डोळ्यांनी निरीक्षण. १९३७ साली तेथील मुख्य घर आगीत जळाले. ते त्यांनी पुन्हा बांधले. याच काळात इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड येथे अब्राहम लिंकनच्या स्मरणार्थ त्यांनी एका उद्यानाचा आराखडा करून दिला. लिंकन ज्या तीन राज्यांत राहिला त्या केंटकी, इंडियाना आणि इलिनॉय येथील झाडेच तेथे लावावयाची असे ठरले. पुतळ्याची त्यांनी गरज मानली नाही. तळ्याकाठच्या त्या उघड्या शेतजमिनीत १९३६ च्या हिवाळ्याआधी बालवीर व वीरबालांनी ओकची बीजे पेरली. ओक पुरता वाढावयास शंभर वर्षे लागतात, आणि आराखडा करणारा मनुष्य त्या वेळी शहात्तर वर्षांचा होता.

१ ऑक्टोबर १९५१ रोजी क्लिअरिंग येथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी कोलंबस पार्कची दक्षिणेकडची नऊ एकर जागा नव्या महामार्गाने घेतली. उरलेले उद्यान २००३ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले आहे. क्लिअरिंगची शाळा अजून भरते, आणि स्प्रिंगफील्डच्या उद्यानात त्या बीजांचे ओक आता डोक्यावर सावली धरून उभे आहेत.