ग्रंथप्रेमी सयाजीराव

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी १८६३ सालच्या मार्च महिन्यात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव गोपाळ. गोपाळचे बालपण शेतात आणि गावातील सवंगड्यांच्या संगतीत गेले. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरांची ओळखही झाली नव्हती. त्या काळी खेड्यांतील बहुतेक मुलांची हीच स्थिती होती. पुढे हाच मुलगा बडोद्याचा राजा झाला आणि आपल्या राज्यातील खेड्यापाड्यांत त्याने ग्रंथालये नेली.

हे घडले कसे, ते पाहू. १८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केले. त्यांचे थोरले बंधू खंडेराव महाराज पूर्वीच वारले होते. त्यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. तेव्हा गायकवाड घराण्यातील योग्य मुलाचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याची काही मुले बडोद्यास नेण्यात आली. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे त्यांना विचारण्यात आले. इतर मुले गोंधळली; पण गोपाळने आपण राजा होण्यासाठी आलो आहोत, असे निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी गोपाळचे दत्तकविधान झाले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.

राजवाडा मिळाला, हत्ती-घोडे मिळाले; परंतु खरी कसोटी पुढेच होती. ज्या वयात तुम्ही मोठमोठे धडे सहज वाचता, त्या वयात सयाजीरावांना मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकावयाच्या होत्या. एलियट नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांचे शिक्षक होते, तर दिवाण सर टी. माधवराव त्यांना राज्यकारभाराचे पाठ देत. प्रारंभी अभ्यास फार जड गेला. पण त्यांनी कंटाळा केला नाही. हळूहळू अक्षरे ओळखीची झाली, ओळखीची होता होता ती आवडीची झाली आणि वाचन हा त्यांच्या आयुष्याचा नित्यनेम बनला. १८८१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्यकारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

जे ज्ञान आपल्याला दैवयोगाने मिळाले, ते आपल्या प्रजेतील प्रत्येक मुलाला हक्काने मिळावे, असा सयाजीरावांचा निश्चय होता. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ साली ते शिक्षण सर्व राज्यात लागू झाले. शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जाऊ लागली.

परंतु महाराजांच्या चिंतेचा येथे शेवट झाला नाही. मुले चार-पाच वर्षे शाळेत जात, लिहावाचावयास शिकत आणि मग शेतीच्या किंवा घरच्या कामात गुंतून जात. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही; मग शिकलेली अक्षरे टिकावी कशी? न वापरलेल्या विळ्याला जसा गंज चढतो, तशी न वाचणाऱ्याची विद्या विरून जाते. शाळेने दिलेले वाचन जन्मभर टिकावयाचे, तर गावात ग्रंथालय हवे, हे महाराजांनी जाणले.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये बारकाईने पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन तेथे १९१३ पर्यंत राहिले. त्यांनी ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे केले. बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले. त्यासाठी महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह देऊन टाकला. राजाच्या कपाटातील पुस्तके प्रजेच्या हाती आली आणि ती वाचण्यासाठी वर्गणीही पडत नसे. मुलांसाठी तेथे स्वतंत्र दालन होते. त्यात गोष्टींच्या व चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत.

खेड्यांसाठी योजलेला नियम तर मनन करण्यासारखा आहे. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी काही रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तो नियम होता. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत वाटत नाही; ज्यात आपला वाटा असतो, ती वस्तू मनुष्य जपतो. या नियमामुळे शेकडो गावांत ग्रंथालये उभी राहिली.

जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे फिरते ग्रंथालय जाई. लाकडाची एक मजबूत पेटी, तिच्यात पंधरा ते तीस निवडक पुस्तके! ही पेटी गावात येई, काही काळ मुक्काम करी आणि पुस्तके वाचून झाली की परत जाई. तिच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. ज्या खेड्यात पूर्वी एखादी पोथी तेवढी असे, तेथे पेटी उघडताच देशोदेशींच्या हकिगती व थोरांची चरित्रे लोकांच्या हाती पडत. वाचावयास योग्य पुस्तके देशी भाषांत मुळातच थोडी होती. म्हणून महाराजांनी दोन लाख रुपये वेगळे काढून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ या ग्रंथमाला सुरू केल्या.

गुणी विद्यार्थ्यांनाही त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले. मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा एक तरुण अहोरात्र वाचन करीत असे. त्याची ज्ञानलालसा ओळखून कृष्णाजी अर्जुन केळूसकर या ग्रंथकार शिक्षकाने त्याच्यासाठी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी त्याला शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. हेच पुढे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून विख्यात झाले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीरावांचे निधन झाले. पुढे बडोदे संस्थान भारतात विलीन झाले. राजवटही राहिली नाही. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र आजही वाचकांची सेवा करीत आहे.

मुलांनो, आपल्या महाराष्ट्रातही वाचनालयांची परंपरा जुनी आहे. अहिल्यानगरचे जिल्हा वाचनालय १८३८ साली स्थापन झाले आहे. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरातही एखादे वाचनालय असेलच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपार मोठी आणि काम थोडे असते. अशा वेळी चार मित्रमैत्रिणींनी मिळून वाचनालयात जावे, प्रत्येकाने निराळे पुस्तक निवडावे, वाचलेल्या पुस्तकाचे नाव वहीत टिपून ठेवावे आणि त्यातील गोष्ट इतरांना सांगावी. चौघांनी चार पुस्तके वाचली, तर प्रत्येकाच्या पदरात चारही पुस्तकांचा लाभ पडेल. ग्रंथालय उभारण्यात गावकऱ्यांचा वाटा असावा, असा सयाजीरावांचा आग्रह होता. तुमचा वाटा पैशाचा नाही, वाचनाचा आहे. आणि तो दुसऱ्या कोणालाही तुमच्यासाठी देता येणार नाही.